एवढ्याशा वटवाघळासाठी आख्खं जंगल कशाला राखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रस्ते-रेल्वेच्या कामात आहात, इंग्लंडमधल्या एचएसटू या नव्या वेगवान रेल्वेच्या रुळांवर, वटवाघळं गाड्यांना धडकू नयेत म्हणून १० कोटी पौंडांहून जास्त खर्चाचं छत बांधतायत ही बातमी वाचलीत, आणि तुम्हाला कळत नाहीये की त्या वटवाघळांना दुसरीकडे का हलवत नाहीत, जेवढी झाडं तोडली तेवढी बाजूला लावून आणि त्यांना राहायला लाकडी खोकी टांगून भागत का नाही, आणि एकदा जंगल संरक्षित म्हणून जाहीर झालं की त्याच्या हद्दीबाहेर काम करायला अडचण कसली. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय, ओकच्या जंगलात रात्री जाळी लावायची, दोराने झाडावर चढून ढोल्या तपासायच्या, सिग्नल सोडणारा टॅग लावलेल्या वटवाघळामागे रेडिओ घेऊन पहाटेपर्यंत फिरायचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. या वटवाघळांना जंगल लागतं असं आपण म्हणतो, पण त्यांचा जीव अडकलेला असतो तो जंगलातल्या बिघडलेल्या झाडांत, म्हणजे लाकूडवाला ज्याला बिघडलेलं म्हणेल ते झाड, पोकळ, चिरलेलं, साल सुटलेलं, अर्धं वाळलेलं, आणि अशी एकदोन झाडं असून उपयोग नाही, डझनांनी लागतात. शिवाय तिथून चरायच्या जागेपर्यंत जायला झाडाझुडपांची अंधारी वाट लागते. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो तेव्हा यातलं काहीच दिसत नाही, आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथेच चुकतात.

ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या १८ जाती आहेत, त्यातल्या १७ तिथे पिल्लं घालतात. कायद्याचं संरक्षण सगळ्यांनाच आहे, पण १९९२ च्या हॅबिटॅट्स डायरेक्टिव्ह या युरोपियन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ब्रिटनमध्ये पिल्लं घालणाऱ्या चारच जाती आहेत, दोन हॉर्सशू, एक बार्बस्टेल आणि एक बेखस्टाइन. या यादीत नाव असलं की सरकारला त्या जातीसाठी खास जागा राखाव्या लागतात, त्यांना स्पेशल एरिया ऑफ कॉन्झर्व्हेशन म्हणतात, बोलताना सगळे एसएसी म्हणतात. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं तरी २०१७ च्या हॅबिटॅट्स रेग्युलेशन्समधून हे संरक्षण चालू राहिलं. हॉर्सशू जास्त करून जुन्या इमारती, खाणी, गुहा यांच्या आसऱ्याने राहतात. जंगलावर खरी मदार असलेल्या उरलेल्या दोन, म्हणून त्यांच्याबद्दलच बोलतो.

बेखस्टाइनबद्दल आधी. दहा ग्रॅमच्या आसपास वजन, पाठ तपकिरी, पोट फिकट, तोंड गुलाबीसर, आणि कान एवढे लांब की पुढे वाकवले तर जवळजवळ निम्मे नाकाच्या पुढे जातात. ऑगस्टमधली एक रात्र मला अजून आठवते. आम्ही हार्प ट्रॅप लावला होता, म्हणजे चौकटीत उभ्या बारीक तारा ताणलेल्या असतात, वटवाघूळ त्यांना अडतं आणि खालच्या पिशवीत अलगद घसरतं. शेजारी छोटा स्पीकर, त्यातून बेखस्टाइनच्या आपसातल्या आवाजांची नक्कल, आपल्या कानाला काहीच ऐकू येत नाही. ही स्पीकरची युक्ती ससेक्स विद्यापीठातल्या डेव्हिड हिल आणि फ्रँक ग्रीनवे यांनी बसवली, आणि तिच्यामुळे या जातीबद्दलची माहिती एकदम वाढली, कारण त्याआधी ही जाळ्यात सापडायचीच नाही. तर पिशवीत एक मादी आली. हातमोजे घालून तिला धरली (हे काम परवाना आणि रेबीजची लस घेतल्याशिवाय करायचं नाही, तिथे कुणी करतही नाही), स्तनाग्रांभोवती केस नव्हते म्हणजे त्या उन्हाळ्यात पिल्लाला पाजलेलं होतं. मी वहीत तिचं वजन लिहायला लागलो तर तिचा एक कान पेन्सिलीच्या खरखरीकडे वळला, दुसरा तसाच समोर. दोन्ही कान वेगवेगळे फिरत होते. ही शिकार करते ती अशीच, पानावर चालणाऱ्या किड्याच्या पावलांचा आवाज ऐकून पानावरून त्याला उचलते. हे हातात धरून बघितलं ना की रस्त्याच्या सततच्या आवाजाशेजारी हिचं पोट कसं भरणार हा प्रश्न मनात आपोआप येतो.

तिच्या पाठीवरचे केस थोडे कापून साधारण ०.३५ ग्रॅमचा टॅग चिकटवला, टॅग वजनाच्या ५ टक्क्यांहून जड चालत नाही असा नियम आहे, आणि तो काही दिवसांनी आपोआप गळून पडतो. दुसऱ्या दिवशी अँटेना घेऊन शोधत गेलो तर एका ओकच्या जाड फांदीत सुतार पक्ष्याने केलेलं जुनं भोक, त्यात ती. संध्याकाळी खाली इन्फ्रारेड कॅमेरा लावून बसलो, चांगला अंधार पडल्यावर एकेक करून वीस-बावीस माद्या बाहेर आल्या. आम्हाला वाटलं सापडलं घर. तिसऱ्या दिवशी ते भोक रिकामं, सिग्नल दोनशे मीटरवरच्या दुसऱ्याच ओकमधून. दोन दिवसांनी तिसरं झाड. टॅग गळेपर्यंत आम्ही चार झाडं मोजली, आणि ही एका मादीची, साधारण दहा दिवसांची गोष्ट.

असं का, तर यावर जर्मनीत वुर्झबर्गजवळच्या जंगलांत गेराल्ड केर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. वीसेक माद्यांची एक वसाहत एका उन्हाळ्यात पन्नासपर्यंत वेगवेगळ्या ढोल्या आणि खोकी वापरू शकते. एक कारण परजीवी माशी, ती ढोलीच्या भिंतीवर कोष चिकटवते, तिथेच राहिलं तर नव्या माशा अंगावर चढतात, जागा बदलली तर सुटका होते. दुसरं तापमान, पिल्लू होण्याआधी थंड जागा आवडते, पिल्लाला पाजायच्या दिवसांत उबदार हवी. वसाहत रोज फुटते आणि पुन्हा जुळते, आज दहा जणी या झाडात आणि आठ त्या, उद्या वेगळीच जोडी. मुली आईच्याच वसाहतीत जन्मभर राहतात, नर मोठे झाले की निघून जातात, आणि परक्या वसाहतीतली मादी आली तर तिला आत घेत नाहीत. आता तुमचा 'दुसरीकडे हलवा' हा प्रश्न परत वाचा. शेजारच्या जंगलात दुसरी वसाहत असेल तर यांना तिथे थारा नाही, आणि नसेल तर ती का नाही याचंही काहीतरी कारण असतंच, बहुतेक वेळा तिथे जुनी झाडंच उरलेली नसतात. मादी वर्षाला एकच पिल्लू घालते, ते वाचेलच असंही नाही. म्हणून एखाद्या वसाहतीतल्या पाच माद्या गाडीखाली गेल्या तर ते नुकसान भरायला किती वर्षं लागतील याचा हिशोब तुम्हीच करा.

खोक्यांबद्दल माझं स्पष्ट मत आहे आणि सगळ्यांना ते पटतंच असं नाही. बेखस्टाइन खोक्यात राहते, वर सांगितलेलं जर्मनीतलं संशोधन बरंचसं खोक्यांतल्याच वसाहतींवर झालंय, त्यामुळे खोकी निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. नवीन वाढत्या जंगलात, जुनी झाडं तयार होईपर्यंत मधली सोय म्हणून ती चांगली आहेत. पण दोनशे वर्षांचा पोकळ ओक तोडायचा आणि त्याच्या बदल्यात दहा खोकी टांगून कागदावर भरपाई दाखवायची याला माझा विरोध आहे. लाकडी खोकं काही वर्षांत कुजतं, साफ कोण करणार, बदलणार कोण, कंत्राट संपलं की कुणी फिरकत नाही. बऱ्याचदा त्यात साध्या, सगळीकडे आढळणाऱ्या जाती घुसतात आणि जिच्यासाठी टांगलं ती बाहेरच. आणि रोपं लावण्याचं म्हणाल तर ओकला नीट ढोली पडायला शंभर-दीडशे वर्षं सहज लागतात, आज लावलेल्या रोपाचा आजच्या वसाहतीला काही फायदा नाही. इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग जंगलच असलेल्या जागेला प्राचीन जंगल म्हणतात, अख्ख्या ब्रिटनच्या जमिनीपैकी असं जंगल जेमतेम २.५ टक्के उरलंय. नॉर्फोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज म्हणून नवाश्मयुगीन गारगोटीच्या खाणी आहेत, तिथे बेखस्टाइनची हाडं सापडली आहेत. आज ही जात मुख्यतः इंग्लंडच्या दक्षिण भागातच उरलीय. जुनं जंगल जसं आकसलं तशी ही पण आकसली.

बार्बस्टेलची तऱ्हा वेगळी. काळपट रंग, बसकं नाक, दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जोडलेले, पहिल्यांदा बघणारा दचकतोच. हिला ढोलीपेक्षा फट आवडते. वीज पडून चिरलेलं खोड, वादळात मोडलेली फांदी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाळलेल्या ओकवर सुटून आलेला सालीचा पापुद्रा. असा हाताच्या पंजाएवढा पापुद्रा आणि खोड यांच्या मधल्या बोटभर जागेत मी बार्बस्टेल बघितल्यात, टॉर्च तिरका धरला तर आत फक्त काळं काहीतरी हलल्यासारखं वाटतं. पुढच्या हिवाळ्यात तो पापुद्रा गळून पडणारच असतो, म्हणून हिला दर दोनचार वर्षांनी नवीन वाळलेलं झाड हवं, आणि ते मिळतं कुठे, तर जिथे माणूस वाळलेलं झाड उभं ठेवतो तिथेच. वेस्ट ससेक्समधलं द मेन्स आणि एबर्नो कॉमन ही दोन्ही जंगलं एसएसी आहेत, आणि मेन्समध्ये तर माणसाने शक्य तेवढा हात लावायचाच नाही असं धोरण आहे, पडलं ते पडू द्यायचं, कुजलं ते कुजू द्यायचं. आपल्याकडे देवराईतली काटकी उचलायची नाही असं जुनी माणसं सांगायची, तिथे तेच मॅनेजमेंट प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं किती पसारा आहे इथे, आता तसा पसारा दिसला की आधी तिथेच जाऊन बघतो.

बार्बस्टेल जवळजवळ फक्त पतंग खाते. बऱ्याच पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि ते खाली झेप घेऊन पळतात, म्हणून ही कुजबुजते. हवेत शिकार करणाऱ्या इतर वटवाघळांपेक्षा हिचा आवाज १० ते १०० पट हळू असतो, पतंगाला कळेपर्यंत ही जवळ पोचलेली असते. आता याची दुसरी बाजू बघा, आवाज इतका हळू की वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या आमच्या डिटेक्टरलाही ती अगदी जवळून गेल्याशिवाय कळत नाही. बेखस्टाइनचा आवाज तर तिच्याच कुळातल्या इतर जातींच्या आवाजात इतका मिसळतो की नुसत्या रेकॉर्डिंगवरून नाव सांगता येत नाही. म्हणून कुणी सल्लागार जंगलात चार रात्री डिटेक्टर ठेवून 'दुर्मिळ जाती आढळल्या नाहीत' असा रिपोर्ट देतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. मी नवीन असताना एका कंपनीत नेमकं हेच झालं होतं, डिटेक्टरवर बेखस्टाइनचं नाव आलं नाही म्हणून जाळी लावायचा खर्च वाचवला, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या टीमने पहिल्याच रात्री गाभण मादी पकडली. तोवर आराखडा मंजूर होऊन झाडांवर लाल पट्टे मारलेले होते, मग काम थांबलं, पैसे गेले, आणि दोष आला वटवाघळावर.

आता हद्दीचा प्रश्न. बेखस्टाइन घराजवळच चरते, एकदोन किलोमीटरच्या आत, तिला वरचं छत बंद असलेलं, खाली हेझलसारखी दाट झुडपं असलेलं ओकचं जंगल आणि शक्यतो ओढा लागतो. बार्बस्टेल मात्र एका रात्रीत पाच-सात किलोमीटर सहज जाते, कधी त्याहून खूप लांब. मेन्समधल्या बार्बस्टेल खाली आरुन नदीच्या पाणथळ कुरणांपर्यंत चरायला जातात. मग नुसतं जंगल राखून कसं चालेल? ससेक्समधल्या या एसएसींसाठी जो प्रोटोकॉल आहे त्यात जंगलाभोवती ६.५ किलोमीटरचा महत्त्वाचा पट्टा आणि १२ किलोमीटरपर्यंतचा मोठा पट्टा धरलाय. या पट्ट्यात बांधकाम बंद असं नाही बरं का, लोक इथेच थोडे गैरसमज करून घेतात. बांधकाम करा, पण शेताच्या कडेची झुडपांची कुंपणं, ओढ्याकाठची झाडं, या वाटा तुटणार का ते आधी तपासा. कुंपणात पाच-दहा मीटरची फट पाडली, वर दिवा लावला, तर तुम्हाला ती फट वाटते आणि त्यांना तो बंद दरवाजा असतो. उजेडाला दोन्ही जाती फार बिचकतात. दिवा लावायचाच असेल तर उबदार पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचा, खाली तोंड केलेला, पण खरं सांगायचं तर या वाटेवर दिवा नसणं हाच उपाय, बाकी सगळी तडजोड आहे.

रस्त्यांबद्दल तुम्हाला खास सांगतो कारण तुमचं काम तेच. मध्यंतरी एक फॅशन होती, रस्त्याने झाडांची ओळ तोडली की वर दोन खांबांच्यामध्ये तारा ताणायच्या, म्हणजे वटवाघूळ तारांच्या आधाराने उंचावरून रस्ता ओलांडेल. लीड्स विद्यापीठातल्या अॅना बर्थिनुसेन आणि जॉन ऑल्ट्रिंगम यांनी प्रत्यक्ष बसून मोजलं आणि २०१२ मध्ये छापलं, वटवाघळं त्या तारा जवळजवळ वापरतच नव्हती, जुन्या वाटेनेच गाड्यांच्याच उंचीला उडत ओलांडत होती, काही तारा ९ वर्षांपासून होत्या तरीही. जुन्या वाटेवरच, वाट न वळवता, खालून पुरेसा उंच भुयारी मार्ग दिला तिथे मात्र बऱ्याच जणांनी वापरला. म्हणजे वटवाघळाची वाट आधी शोधायची आणि मग तिच्यावर डिझाइन बसवायचं, आपल्या सोयीच्या जागी पूल बांधून ते येतील म्हणून वाट बघायची नाही.

एचएसटूचं ते छत बकिंगहॅमशायरमधल्या शीपहाउस वूडच्या कडेने जातं, सुमारे एक किलोमीटर लांब जाळीदार कमान, कारण आसपासच्या जंगलांत बेखस्टाइनच्या वसाहती आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एचएसटूचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन थॉम्पसन यांनी खर्चाचा आकडा जाहीर सांगितला आणि गदारोळ झाला. खर्च प्रचंड आहे हे मलाही मान्य आहे, तेवढ्या पैशात आसपासची किती जुनी जंगलं एकमेकांना जोडता आली असती हे माझ्याही मनात येतं. पण लाइन जंगलाला खेटून आखली की मग पुढे स्वस्त पर्याय उरत नाहीत, आखणीच्या टेबलवर पेन्सिलीची रेघ सरकवायला काही लागत नाही, काँक्रीट सरकवायला लागतं. नॉर्विचच्या पश्चिमेकडच्या प्रस्तावित लिंक रोडचंही असंच झालं, तिथल्या झाडांत बार्बस्टेलची मोठी वसाहत आहे, वर्षानुवर्षं आराखडे बदलले आणि जानेवारी २०२५ मध्ये नॉर्फोक काउंटी कौन्सिलने अर्ज मागे घेतला.

जंगलाच्या आत काम करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. २०१२ पासून ब्रिटनमध्ये अॅशच्या झाडांना डायबॅक नावाचा बुरशीचा रोग लागलाय, रस्त्याकडेची झाडं धोकादायक म्हणून सरसकट तोडतात, त्यात ढोल्याही जातात. पायवाटेवर पडेल असं झाड काढायलाच हवं, त्यात वाद नाही, पण जंगलाच्या पोटातलं झाड कुणाच्या डोक्यावर पडणार आहे, ते उभंच राहू द्या. तोडायचं असलं तर आधी माणूस चढवून एंडोस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्याने, प्रत्येक भोक, प्रत्येक चीर तपासायची. वटवाघूळ त्या दिवशी आत नसलं तरी त्याचं घर कायद्याने घरच असतं, त्यामुळे रिकामी ढोली दिसली म्हणून करवत चालवली असं करता येत नाही, नॅचरल इंग्लंड या निसर्ग-संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेचा परवाना लागतो. शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबर निवडायचा, पिल्लं उडायला लागलेली असतात आणि हिवाळी झोप सुरू झालेली नसते. संशय असेल तर फांदी धाडकन पाडायची नाही, दोराने बांधून हळू उतरवायची आणि भोकाचं तोंड मोकळं राहील अशी रात्र-दोन रात्र जमिनीवर ठेवायची, म्हणजे आत कुणी राहिलंच असेल तर ते निघून जाऊ शकतं. आम्ही एकदा अशी अॅशची फांदी उतरवून ठेवली होती, तपासताना काही दिसलं नव्हतं, आणि तिन्हीसांजेला तिच्या चिरेतून एक एक करत तीन जणी सरपटत बाहेर आल्या, थोडा वेळ सालीवर बसल्या आणि उडाल्या.

तर तुमच्या प्रोजेक्टवर आखणीच्या पहिल्या मीटिंगलाच सल्लागाराला एवढंच विचारा, की तुम्ही जाळी लावली का, टॅग लावला का, आणि निदान एका पूर्ण उन्हाळ्यातली घरांची झाडं आणि जायच्या वाटा मला नकाशावर काढून द्याल का. तो नकाशा हातात आला की मग मला पाठवा, लाइन कुठून सरकवता येईल ते बसून बघू.